कुजावं कुठे, टिकावं कुठे

नारायणगावजवळ माझ्या चुलतभावाचं टोमॅटोचं शेत आहे. तोडे संपले की आधी बांबू, तार, सुतळी निघते, मग वाळलेली झाडं उपटतात आणि शेवटी उरतो बेडवर अंथरलेला मल्चिंग पेपर. नावाला पेपर, पण असतं प्लास्टिकच. वरून चंदेरी, खालून काळं, २५ मायक्रॉन जाडीचं पॉलिथिन. गेल्या वर्षी तो काढायला मीही हात लावला. बेडच्या टोकाला कडा उकरून ओढली, तर दीड हात कागद हातात आला आणि बाकीचा फाटून मातीखालीच राहिला. उन्हाने त्याचा पार पापड झाला होता. रोपांसाठी पाडलेल्या भोकांपाशी तर बोट लावलं तरी तुटत होता. चार माणसं दिवसभर वाकून ओढत होती. संध्याकाळी बांधावर ढीग लागला, त्यात निम्मी माती. "भंगारवाल्याला दे की," मी म्हटलं. "ताई, तो विचारतो, माती विकायला आलात का," भाऊ म्हणाला आणि त्याने काडी ओढली.

त्या धुराने रात्रभर घसा खवखवत होता. एकराला ४०० मीटरची सहा-सात बंडलं लागतात. चार फूट रुंदीचं एक बंडल साधारण ११ किलोचं. म्हणजे एकरी ७० किलोच्या आसपास पॉलिथिन दर हंगामात मातीवर अंथरायचं आणि त्यातलं हाताला लागेल तेवढं जाळायचं. उरलेलं नांगरटीत खाली जातं. पुढच्या वर्षी रोटाव्हेटर फिरला की नखाएवढे चंदेरी तुकडे वर येतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी बारीक. मल्चिंगने पाणी वाचतं, तण दबतं, खुरपणीची मजुरी वाचते. ते सोडून दे, असं शेतकऱ्याला सांगायचा मला अधिकार नाही आणि तसं मला म्हणायचंही नाही.

दुसरी गोष्ट पुण्यातली. एका दुकानातून सामानाबरोबर एक हिरवट, हाताला किंचित मऊ लागणारी पिशवी घरी आली. तिच्यावर छापलं होतं, 'मी प्लास्टिक नाही'. मक्यापासून बनवलेली, कंपोस्ट होणारी. आमच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम आहेत. मी ती पिशवी कापून एका ड्रममध्ये टाकली. आठ महिन्यांनी खत चाळायला घेतलं तेव्हा केळीची सालं, मटाराची टरफलं, चहाचा चोथा या सगळ्याची काळी भुसभुशीत माती झाली होती. पिशवीचे तुकडे मात्र थोडे फिकट होऊन चाळणीवर तसेच उरले.

शेतात, जिथे वस्तू मातीतच राहणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे आपण न कुजणारं प्लास्टिक घालतो आणि सरकार त्याला अनुदान देतं. शहरात, जिथे वस्तू गोळा करून परत वापरता येते, तिथे आपण कुजण्याचं आश्वासन विकत घेतो आणि ते पाळलं जाईल अशी कुठलीही सोय उभी करत नाही. प्लास्टिक चांगलं की वाईट, यावर आपल्याकडे खूप बोलून झालं. कुठली वस्तू कुजली पाहिजे आणि कुठली टिकली पाहिजे, हे आता वस्तूगणिक ठरवायला हवं, आणि कायद्यानेही ते तसंच ठरवायला हवं.

त्यासाठी आधी एक गुंता सोडवावा लागतो. 'बायोप्लास्टिक' या एका शब्दात दोन अगदी वेगळे गुण कोंबले गेले आहेत. प्लास्टिक कशापासून बनलं हा एक प्रश्न, ते शेवटी कुठे आणि कसं संपणार हा दुसरा. एकाचं उत्तर मिळालं म्हणजे दुसऱ्याचं मिळत नाही.

ब्राझीलमध्ये त्रियुंफो इथे ब्रास्केम या कंपनीने २०१० मध्ये उसापासून पॉलिथिन बनवायचा वर्षाला दोन लाख टनांचा कारखाना सुरू केला. उसाच्या रसाचं इथेनॉल, इथेनॉलमधून पाणी काढून इथिलिन आणि इथिलिनचं पॉलिथिन. शंभर टक्के उसाचं. पण ते इथिलिन एकदा साखळीत गुंफलं गेलं की त्याला आपला ऊस आठवत नाही. खनिज तेलाच्या पॉलिथिनचा आणि याचा रेणू एकच. गटारात तेही तसंच तुंबतं, गाईच्या पोटात तेही तसंच साचतं. फरक ओळखायचाच असेल तर प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजावा लागतो. हवेतून नुकता घेतलेला कार्बन असेल तर त्यात तो किरणोत्सारी अंश सापडतो; कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या तेलात तो केव्हाच संपलेला असतो. डोळ्यांना, हाताला आणि सूक्ष्मजीवांना त्या दोहोंत काही वेगळं दिसत नाही.

ही कल्पना नवीनही नाही. भारतात पॉलिथिनचं उत्पादन सुरू झालं ते १९५९ च्या सुमारास, बंगालमधल्या रिश्रा इथे, आणि तिथलं इथिलिन मळीच्या अल्कोहोलपासूनच काढलेलं होतं. पुढे खनिज तेलातून निघणारा नाफ्था स्वस्त पडू लागला आणि अल्कोहोलची वाट मागे पडली. त्या काळी कुणी त्याला हरित वगैरे म्हटलं नव्हतं.

आता उलट बाजू पाहा. 'मी प्लास्टिक नाही' म्हणणाऱ्या बहुतेक पिशव्यांत मोठा वाटा पीबीएटी नावाच्या पॉलिस्टरचा असतो. सोबत थोडा स्टार्च किंवा पीएलए, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक. पीबीएटी बनतं मुख्यतः खनिज तेलातून, आणि तरीही त्याची साखळी अशी रचलेली असते की योग्य जागी सूक्ष्मजीव ती तोडू शकतात. म्हणजे उसाचं प्लास्टिक कुजत नाही आणि तेलाचं कुजतं, असं अगदी घडू शकतं. ग्राहकाला हे सांगितलं जात नाही. त्याला मक्याच्या कणसाचं चित्र दाखवतात आणि तो मनाशी हिशोब करतो, की मका आहे म्हणजे कुजणारच.

कंपोस्ट होण्याच्या प्रमाणपत्राचा अर्थही नेमका आहे. आपल्याकडे त्याचं मानक आयएस १७०८८. त्यातल्या कसोटीत तापमान असतं ५८ अंशांच्या आसपास. बारा आठवड्यांत त्या वस्तूचे तुकडे होऊन दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून कमी उरले पाहिजेत, आणि सहा महिन्यांत तिच्यातल्या कार्बनचा ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन गेला पाहिजे. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्याची साखळी ओलाव्याने तुटू लागते आणि मग सूक्ष्मजीव त्यावर बसतात. मोठ्या प्रकल्पातल्या उंच ढिगाच्या पोटात ही ऊब आठवडेच्या आठवडे टिकते. माझ्या गच्चीवरचा ड्रम पहिले चार दिवस गरम होतो, मग कोमट. पिशवी खोटी नव्हती. तिच्यासाठी जी जागा ठरली होती, ती माझ्याकडे नव्हती आणि माझ्या शहरातल्या बहुतेक घरांकडे नाही.

ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधासा प्रयोग मला वारंवार आठवतो. त्यांनी दुकानांतल्या पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात बुडवल्या, हवेत टांगल्या. 'जैवविघटनशील' असं लिहिलेली पिशवी तीन वर्षांनी माती आणि पाण्यातून बाहेर काढली, तर तिच्यात अजून बाजार भरून आणता येत होता. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनंतरही तिचा पत्रा शिल्लक होता; फक्त वजन घातलं की फाटत होता. एकच पिशवी, दोन जागा, दोन शेवट. विघटनशीलता हा वस्तूचा एकटीचा गुण नाही. वस्तू, जागा आणि मुदत या तिघांचा मिळून तो गुण ठरतो. जागा आणि मुदत न सांगता 'जैवविघटनशील' छापणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं.

जागा आणि मुदत नेमकी धरून या गुणाचा वापर कसा करायचा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गेली पन्नास वर्षं माहीत आहे. विरघळणारे टाके आपल्यातल्या कितीतरी जणांनी अंगावर वागवले आहेत. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा तो धागा १९७० च्या सुमारास वापरात आला. जखम सांधेपर्यंत तो ताण धरतो आणि मग शरीरातल्या ओलाव्याने हळूहळू विरून जातो, कारण आतला टाका काढायला पुन्हा पोट उघडायचं नसतं. तो धागा मक्याचा नाही, उसाचा नाही. साध्या रसायनांतून बनतो, आणि तरी विरणं हे त्याचं कामच आहे. त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, त्याच टेबलावर, हर्नियाच्या रुग्णाला पॉलिप्रॉपिलिनची जाळी बसवतात. ती कधीच विरता कामा नये. विरली तर आतडं पुन्हा बाहेर येईल. कुठल्याही सर्जनला विचारलं, की प्लास्टिक कुजणारं बरं की न कुजणारं, तर तो आधी विचारेल, कशासाठी?

माझ्या मते विघटनशीलतेचा आग्रह तीनच ठिकाणी धरावा. जिथे वस्तू परत गोळा करणं माणसाच्या आवाक्यात नाही तिथे. जिथे ती ओल्या कचऱ्याबरोबर इतकी मिसळते की वेगळी काढणं शक्य होत नाही तिथे. आणि जिथे तिचं काम संपल्यावर ती तिथेच विरावी अशी गरजच असते तिथे. बाकी सगळीकडे वस्तू मजबूत असावी, पुन्हापुन्हा वापरता यावी आणि शेवटी भंगारात तिला चांगला भाव मिळावा.

पहिल्या प्रकारात मल्चिंग पेपर सगळ्यात वर येतो. तो पातळ असतो, मातीने माखतो, उन्हाने कुरकुरीत होतो. जाड घेतला तर निघतो तरी नीट, पण मग खर्च वाढतो आणि माखलेला कागद धुऊन घेणारा कारखाना जवळपास नसतो. मातीतच विरणारा मल्चिंग पेपर ही आता प्रयोगातली वस्तू राहिलेली नाही. युरोपात २०१८ पासून त्याचं वेगळं मानक आहे, आणि ते ५८ अंशांच्या ढिगाचं नाही. साध्या जमिनीच्या तापमानाला दोन वर्षांत ९० टक्के विघटन झालं पाहिजे, आणि जमिनीतल्या जिवांना अपाय होता कामा नये, अशी त्याची अट आहे. हंगाम संपला की तो काढायचा नाही, नांगरून टाकायचा. किंमत दुपटीच्या वर जाते हे खरं. पण काढणीची मजुरी, जाळण्याचा धूर आणि मातीत साठत जाणारे तुकडे यांची किंमत आज कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

आपल्या हवेत तो कसा वागेल, हा प्रश्न रास्त आहे. जुन्नरच्या काळ्या जमिनीत, एप्रिलच्या उन्हात तो वेळेआधी फाटला तर तण वर येईल आणि शेतकऱ्याचं नुकसान होईल. म्हणूनच हे काम कृषी विद्यापीठांनी हातात घ्यावं. राहुरी, दापोली, परभणी, अकोला ही चार विद्यापीठं चार वेगळ्या हवामानांत, वेगवेगळ्या मातीत बसलेली आहेत. हेच कागद तिथे पुरून, दोन वर्षं थांबून मोजता येतील. त्यासाठी लागतो तो वेळ आणि चिकाटी.

रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्याही याच रांगेतल्या. वृक्षारोपणाच्या दिवशी टेकडीवर जाऊन पाहा. खड्ड्यांच्या कडेला फाडलेल्या पिशव्यांचा सडा असतो. पिशवीसकट रोप लावता आलं तर तो सडाच राहणार नाही.

दुसऱ्या प्रकारात ओल्या कचऱ्याची पिशवी येते, आणि इथे मिलान शहराचं उदाहरण घ्यावं असं आहे. इटलीने २०११ मध्ये साध्या प्लास्टिकच्या बाजारपिशव्यांवर बंदी घातली. मिलानने २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने अख्ख्या शहरात घरोघरचं उरलंसुरलं अन्न वेगळं गोळा करायला सुरुवात केली. कंपोस्ट होणारी बाजारपिशवी घरात ओल्या कचऱ्याची पिशवी होते आणि कचऱ्यासकट प्रकल्पात जाते. लोकांना ओला कचरा हाताळायची किळस येत नाही, प्रकल्पाला स्वच्छ कचरा मिळतो. तिथे पिशवीचं कुजणं अर्थपूर्ण आहे, कारण तिला नेणारी गाडी आहे, ढीग आहे, ऊब आहे.

आपल्याकडे तीच पिशवी आली, पण गाडी आणि ढीग मागेच राहिले. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींना मी ती पिशवी दाखवली. त्यांनी ती बोटांत चुरगाळली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "हे ना ओल्यात, ना सुक्यात." ओल्यात टाकलं तर खत करणारे काढून फेकतात, कारण साध्या पिशवीपासून ती ओळखता येत नाही. सुक्यात टाकलं तर भंगारवाला घेत नाही. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटनेतून गेली तीस वर्षं ज्या बायकांनी कचऱ्यातलं ज्ञान उभं केलं, त्यांच्या बोटांना दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, डबा, झाकण हे सगळं स्पर्शाने आणि आवाजाने कळतं. धोरण आखणाऱ्यांनी त्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं.

सगळ्यात मोठी हानी तिथे होते जिथे चांगली चाललेली साखळी बिघडते. पाण्याच्या बाटलीला, दुधाच्या पिशवीला भंगारात भाव आहे, म्हणून त्या उचलल्या जातात. उद्या पीएलएच्या बाटल्या मोठ्या प्रमाणात आल्या तर त्या दिसायला आजच्या बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकसारख्याच असतील, पाण्यात टाकल्या तर तशाच बुडतील. पण पीईटी ज्या उष्णतेला वितळवतात, त्या उष्णतेला पीएलए करपतं आणि सगळा माल पिवळा पडतो. भाव पडला की ती बाटली कुणी उचलणार नाही. आज जी परत येते ती उद्या नाल्यात जाईल, आणि नाल्यातल्या पाण्याला ५८ अंशांची ऊब नसते.

कचराडेपोतही कुजणं हा गुण राहत नाही. देवनारसारख्या डोंगराच्या पोटात हवा नसते. तिथे जे कुजतं ते मिथेन सोडतं, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. डेपोत जाणारच असेल तर न कुजणारी वस्तू तिथे कमी उपद्रवी ठरते. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण हिशोब तसाच आहे.

मग वनस्पतींपासून प्लास्टिक बनवण्यात अर्थच नाही का? आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. एक किलो पॉलिथिन जाळलं की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेलाचं असेल तर तो जमिनीखालून आलेला, हवेत नवी भर. उसाचं असेल तर हवेतूनच घेतलेला. तेव्हा उसाचं प्लास्टिक जितकं जास्त वर्षं टिकेल, तितकी वर्षं तो कार्बन हवेबाहेर राहील. म्हणजे वनस्पतीजन्य प्लास्टिकची खरी जागा ठिबकच्या नळीत, शेततळ्याच्या कागदात, पाण्याच्या टाकीत, शाळेच्या बाकात आहे. एकदा चहा पिऊन फेकायच्या कपात ती सगळ्यात कमी आहे.

त्यातही महाराष्ट्रात ऊस म्हटलं की आधी पाणी आठवलं पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. एकाच उसाकडून साखर, गाडीचं इंधन आणि आता प्लास्टिकही मागायचं, तर कुणाच्या विहिरीतून मागायचं, याचं उत्तर आधी द्यायला हवं. प्राज या पुण्याच्या कंपनीने २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात कुंभी इथे वर्षाला ८० हजार टनांचा कारखाना उभा राहतो आहे. हे तंत्र आपल्याकडे येतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्या कारखान्यांतला माल कुठे जाणार, हे आत्ता ठरवायला हवं. बगॅस म्हणजे उसाची चिपाडं, भाताचा पेंढा, कापसाच्या पऱ्हाट्या यांच्यातून साखर काढून हे करता आलं, तर नवं पाणी न लावता होईल.

कायद्याकडे येते. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आज दंडाच्या पाच हजार रुपयांसाठीच लोकांच्या लक्षात आहे. पण तिच्यात एक शहाणपण होतं. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला तिने सरसकट सूट दिली नव्हती. रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणं या कामांपुरती दिली होती. म्हणजे सूट कामाला होती. केंद्राच्या नियमांत साध्या पिशवीची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन झाली, कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला मात्र जाडीची अटच नाही. २०२२ च्या अखेरीस राज्यानेही प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्ट होणाऱ्या कप, प्लेट, चमच्यांना वाट मोकळी केली. जाड पिशवी महाग पडते, पातळ 'कुजणारी' चालते, हे दुकानदाराला कळायला वेळ लागला नाही. कामाला दिलेली सूट अशी वस्तूकडे सरकली. त्यानंतर मार्च २०२४ च्या दुरुस्तीत केंद्राने 'जैवविघटनशील' म्हणजे माती, कचराडेपो अशा ठरावीक जागी, सूक्ष्म तुकडे मागे न ठेवता विघटन होणारं, अशी व्याख्या केली. व्याख्या चांगली आहे. तिला कामाशी बांधणं बाकी आहे.

मला हवं आहे ते इतकं. बाजारपिशवी, कप, बाटली यांच्यासाठी कुजण्याच्या दाव्यावर सूट नको. ज्या शहरात ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी आणि तापणारा ढीग आहे, त्या शहराने फक्त ओल्या कचऱ्याच्या पिशवीपुरती ती द्यावी आणि तिचा रंग एकच ठरवावा, म्हणजे मावशींना ती ओळखता येईल. वेष्टनावर 'कंपोस्ट होणारं' लिहायचं असेल तर कुठे आणि किती महिन्यांत, हे मराठीत लिहिणं सक्तीचं करावं. फळांवरच्या चिकट लेबलांसारख्या बारक्या गोष्टी, ज्या सालीसकट हमखास खतात जातात, त्या कंपोस्ट होणाऱ्याच असाव्यात. युरोपीय संघाने २०२८ पासून तसं ठरवलं आहे.

आणि मल्चिंगचं अनुदान. फलोत्पादन अभियानात वर्षानुवर्षं हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च धरून त्याचा निम्मा भाग प्लास्टिक मल्चिंगसाठी मिळत आला. तोच पैसा मातीत विरणाऱ्या कागदाकडे वळवला, वरच्या किमतीचा फरक पहिली काही वर्षं सरकारने उचलला, तर मागणी उभी राहील आणि जेजुरीसारख्या ठिकाणच्या मालाला गिऱ्हाईकही जवळच मिळेल.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. बंडल केवढ्याला पडेल, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी तो कागद खरंच गळून जाईल का, की रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळला जाईल. पात्यांचं मला माहीत नव्हतं. किमतीचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अनुदान चंदेरीला आहे ना अजून. मग ताई, मी तोच घेणार."